वहाणेच्या वर

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त झाले आणि शब्दांच्या मागे लागले. तेही साधेसुधे शब्द नव्हेत. इंग्रजीतले जुनेपुराणे, खुद्द इंग्रजांनी अडगळीत टाकलेले. माझ्या बायकोने त्यांच्या नव्या शर्टाला 'नाइस' म्हटलं, तर नाइसचा जुना अर्थ मूर्ख, हे यांनी तिला अर्धा तास समजावलं. तेव्हापासून ती त्यांना न चुकता नाइस म्हणते. मी अडवत नाही.

माझं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. एका सकाळी भाऊजींनी बूट आणून काउंटरवर आपटले.

"टोकाला पट्टी लाव. दोन महिन्यांत झिजलं. हल्ली चामडंच भिकार."

मी बूट उलटे केले. डावा ठणठणीत. उजव्याची टाच कोरी आणि टोक मात्र पार खरवडलेलं. तीस वर्षं लोकांचे तळ बघतोय. पाऊल नीट उचललं जात नाही तेव्हाच असं होतं.

"चामड्याचा दोष नाही, भाऊजी. उजवा पाय फरफटतोय तुमचा. डॉक्टरला दाखवा."

झालं! भाऊजींचा चेहरा खुलला. "अल्ट्राक्रेपिडेरियन!"

"म्हणजे?"

"ग्रीसमधली जुनी गोष्ट. एका मोच्याने चित्रातल्या वहाणेची चूक दाखवली. चित्रकाराने निमूट सुधारली. मोची शेफारला, पायाबद्दलही बोलायला लागला. चित्रकार म्हणाला, वहाणेच्या वर जाऊ नकोस. लॅटिनमध्ये अल्ट्रा म्हणजे पलीकडे, क्रेपिडा म्हणजे वहाण. कळत नाही तिथे अक्कल पाजळणारा, तो हा!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त भीती वाटली. ताईला तेवढा एकच नवरा आहे.

"बरं, वहाणेच्या वर जात नाही," मी म्हटलं. संध्याकाळी पट्टी न लावताच बूट ताईच्या हातात दिले. पावतीच्या मागे लिहिलं होतं : 'उजव्या बुटाची तक्रार. मला फरफटत नेतात. मालकाला सांगून उपयोग नाही.'

ताईला व्युत्पत्तीत रस नाही. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना दवाखान्यात उभं केलं. कमरेत नस दबली होती. आणखी महिनाभर थांबले असते तर पाऊल कायमचं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर भाऊजींनी त्यांना 'मसल', म्हणजे स्नायू, हा शब्द मुळात लॅटिनमधला छोटा उंदीर, हे ऐकवलं. ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढेपर्यंत ऐकवत होते म्हणे.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी काठी टेकत ते दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"वहाणेच्या वर जाऊनही ज्याचं खरं ठरतं," ते म्हणाले, "त्याच्यासाठी शब्द शोधला. तीन कोश पालथे घातले. नाही सापडला."

"नाइस चालेल की!"

ते हसले नाहीत. पिशवीतून डावा बूट काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"हा काय म्हणतो, तेवढं बघ रे. मला भीती वाटते."