भिंतीपलीकडची दाद

माझे सासरे गाणं ऐकताना गप्प बसू शकत नाहीत. हा दोष आहे, असं माझा नवरा उपेंद्र म्हणतो. माझ्या मते हा स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नसतं हे आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं.

बाबा २०२०च्या फेब्रुवारीत सांगलीहून आमच्याकडे कॉर्कला दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. उपेंद्र सकाळी कारखान्यात, मी वरच्या खोलीत लॅपटॉपला चिकटलेली, आमच्या लेकीची, रेवाची, शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाबांच्या वाट्याला उरली ती बैठकीतली भिंत. इथली जुळी घरं अशी की दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि तीही पलीकडे पापड मोडला तरी इकडे कळावं इतकी पातळ. पलीकडे शूयिन राहायची. चाळिशीची, एकटी, मूळची चीनमधल्या छंगदूची. ती अरहू वाजवते. म्हणजे दोन तारांचं, गजानं वाजवायचं चिनी वाद्य. आवाज ऐकून वाटतं, सारंगीचं माहेर हेच असावं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं एक लांबलचक स्वर लावला, हळूहळू चढवला, थरथरवत खाली आणला आणि सोडला. बाबा सोफ्यावरून ओरडले, "वा! काय लावलाय की बाईनं!"

पलीकडचं वादन तिथल्या तिथे थांबलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात संत्र्यांची पिशवी, आणि चार हात लांब उभी राहिलेली शूयिन. आवाजाचा त्रास झाला म्हणून माफी मागत होती. यापुढे बाथरूमचं दार लावून वाजवीन म्हणाली. इथे शेजारी भिंतीपलीकडून ओरडला म्हणजे ती तक्रारच असते.

हसावं की लाजावं मला कळेना. मी तिला समजावलं, आमच्याकडे स्वर पोचला की ऐकणारा तसं बोलून दाखवतो. तो गप्प राहिला तर गाणाऱ्याला वाटतं, झोपला.

"म्हणजे त्यांना आवडलं?" तिनं विचारलं.

"चहा गार होऊ दिला त्यांनी," मी म्हटलं. "आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही."

तेव्हापासून बाबांची खुर्ची कायमची भिंतीला लागली. ती वाजवायची, हे 'वा' म्हणायचे. कधी "आज बाई रुसलीय बघ" म्हणून मला सांगायचे, कधी नुसतंच "आहा". त्यांना इंग्रजी येईना, तिला मराठी. कुंपणावरून एकमेकांना हात जोडण्यापलीकडे त्यांचं बोलणं कधी झालंच नाही, आणि तरी त्या भिंतीपाशी बाबांचा दिवस सोन्याचा होत होता. मला हेवा वाटायचा.

२०२१च्या वसंतात तिच्या मागच्या अंगणात डोनल नावाचा कॉर्कचाच एक चेलोवादक यायला लागला. दोघांनी मिळून एक नवीच रचना बसवायला घेतली. तिच्यात ताल नाही, मोजून लिहिलेलं काही नाही. अरहूनं स्वर धरायचा, तो पुरता भरला असं वाटलं की सोडायचा, आणि तिथूनच चेलोनं उचलायचा. बस्स. बाबांचा 'वा' आता कुंपणावरूनही जायला लागला.

"आपला फ्रीजही असाच वाजतो," उपेंद्र म्हणाला.

"तू फ्रीजपाशी कधी इतका वेळ उभा राहिलायस? मग भांडी तरी घासली असतीस," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये मोकळ्या मैदानात त्यांचा कार्यक्रम ठरला. शूयिन कुंपणाशी आमंत्रण द्यायला आली. कशी आहेस विचारलं तर इथल्यासारखंच "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. कोरोनाची साथ सुरू झाल्यापासून तिचा एकही कार्यक्रम झाला नव्हता, शिकवण्याही सुटल्या होत्या. हिवाळ्यातल्या मैफली ठरवणाऱ्या बाई मुद्दाम ऐकायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर ती कॉर्कला राहणार. नाहीतर महिनाअखेर घर सोडून मँचेस्टरला बहिणीकडे जाणार, आणि तिथे बहिणीच्या दुकानात उभी राहणार.

उपेंद्रनं कार्यक्रमाचे नियम वाचले. रेकॉर्डिंग होणार होतं. त्यानं बाबांना समोर बसवलं.

"बाबा, तिथे हाताची घडी, तोंडावर बोट. एक शब्द नाही. इकडचे लोक पिन ड्रॉप सायलेन्समध्ये ऐकतात. तिचं करिअर आहे यात."

"पोटाचा प्रश्न असंल तर गप बसतो की," बाबा म्हणाले. आणि बाबा शब्दाचे पक्के.

मैदानात चार-चार खुर्च्यांचे पुंजके लांब लांब मांडले होते. वारा होता, समुद्रपक्ष्यांची ओरड होती. मैफलींच्या त्या बाई पहिल्या रांगेत, लाल स्कार्फमध्ये. आम्ही तिसऱ्या. शूयिननं गज ठेवला आणि पहिला स्वर लावला.

मला संगीतातलं ढिम्म कळत नाही. पण दीड वर्ष जिन्यावरून ऐकून एवढं कळलं होतं की 'वा' कुठे येतो. ती जागा आली. मास्कखाली बाबांचा गळा हलला. ते बोलले नाहीत.

शूयिननं स्वर सोडला नाही. गज गेला, परत आला. डोनल आपला गज हवेत धरून थांबला, त्याच्या भुवया वर चढू लागल्या. स्वर आता भरून सांडला होता, पातळ व्हायला लागला होता. लोकांना वाटत होतं, नवं संगीत आहे, असंच असेल. मला मात्र उमगलं. ती भिंतीकडून यायच्या आवाजाची वाट पाहत होती. स्वर भरला हे इतके दिवस तिला बाबांनीच सांगितलं होतं, आणि बहुधा तिलाही हे त्या क्षणीच कळलं असावं. तिची नजर आमच्या रांगेवर आली.

बाबांच्या मुठी वळल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या गुडघ्यावर उपेंद्रचा हात, आवळून धरलेला. मी तो हात उचलला आणि उपेंद्रच्याच मांडीवर ठेवला.

"बाबा, द्या दाद."

"वा," बाबा म्हणाले. मास्कमधून, अगदी हळू.

शूयिननं स्वर सोडला. डोनलनं तो अलगद उचलला. आणि मग बाबा काही थांबले नाहीत. रेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, "आजोबा, स्टॉप, एव्हरीवन्स लुकिंग." लाल स्कार्फ दोनदा मागे वळला. उपेंद्र खुर्चीत इतका खाली घसरला की त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. मी मात्र मजेत ऐकलं, आयुष्यात पहिल्यांदा.

कार्यक्रम संपल्यावर त्या बाई शूयिनशी बोलायला गेल्या. रचना त्यांनी घेतली. एकच शंका होती: ते तिसरे कलाकार नोव्हेंबरमध्ये मोकळे आहेत ना?

बाबा मोकळे नव्हते. ऑक्टोबरमध्ये ते सांगलीला परत गेले.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पलीकडे अरहू लागलं. रिकामी खुर्ची भिंतीपाशी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. उपेंद्र ताटल्या प्रेसमध्ये लावत होता. इथे राहून तो कपाटाला प्रेस म्हणायला लागलाय. स्वर लांबत होता. त्यानं घसा साफ केला.

"वा," तो म्हणाला.

पलीकडचा स्वर चालूच राहिला.

"चुकलं का?"

"घाई केलीस. भरला नव्हता अजून."

मला वाटलं, आता फ्रीजबद्दल काहीतरी बोलेल. पण त्यानं हात पुसले आणि जाऊन बाबांच्या खुर्चीत बसला, भिंतीकडे कान करून. पुढचा स्वर लागला. तो नुसता ऐकत राहिला. मग त्याच्या तोंडून जे निघालं, ते थेट बाबांच्या आवाजात होतं, आणि पलीकडे शूयिननं स्वर सोडला.