मान खाली घातलेला दिवा

मित्रांनो, तुम्ही माझ्या उजेडात गाडीचं कुलूप उघडता, हातमोजे शोधता आणि निघून जाता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी त्यासाठीच आहे. पण आज थोडा वेळ थांबा. मी एक म्हातारा दिवा आहे. मिशिगनमधल्या एल्डर क्रीक गावात न्यू हेब्रॉन चर्चचं गाड्या लावायचं आवार आहे, तिथे पंचवीस फुटांच्या लोखंडी खांबावर मी एकटा उभा असतो. शेजारी दुसरा खांब बसवायचं ठरलं होतं. ते ठरूनच राहिलं.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतून माझं डोकं घडवलं, त्यात काच बसवली. मग एका बाईनं मला फडक्यानं पुसलं, समोर धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ गं, कसा डोळे मोठे करून बघतोय!" माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

पहिलं काम मिळालं ते एका इस्पितळाच्या बांधकामावर. इथे हिवाळ्यात पाच वाजले की अंधार पडतो. पायाचा खड्डा खोल होता, त्याच्या काठावर मला रोवलं. दिवा लागल्याशिवाय कुणी शिडीवर पाय ठेवायचा नाही, असा मुकादमाचा दंडक होता. माणसं माझ्याकडे बघून शिडी चढत. त्या दोन हिवाळ्यांत माझ्या उजेडात एकही माणूस पडला नाही, हे मी आजही अभिमानानं सांगतो. पुढे इस्पितळ उभं राहिलं, त्याला स्वतःचे शेकडो दिवे लागले, आणि मला ताडपत्रीत गुंडाळून एका शेडमध्ये टाकून दिलं. तिथे मी सात वर्षं पडून होतो. दिव्याला अंधाराची भीती वाटत नाही असं कुणी सांगितलं, तर मित्रांनो, विश्वास ठेवू नका.

तिथून मला सोडवलं ते रॉस्को पेटिवेनं. रॉस्को म्हणजे न्यू हेब्रॉनचा डीकन, चर्चची देखरेख करणारा वडीलधारा माणूस. मोटारींच्या कारखान्यात त्यानं पस्तीस वर्षं विजेचं काम केलेलं. खांब त्यानंच उभा केला, तारा त्यानंच ओढल्या, आणि शेवटी शिडीवर चढून माझी मान वर उचलून चर्चच्या दरवाज्याकडे वळवली. दरवाज्यावर चर्चचं नाव रंगवलेलं होतं.

"अरे, जमिनीवर पण थोडा पडू दे," खालून कुणीतरी म्हणालं.

"जमिनीकडे काय बघायचंय? प्रभूच्या नावावर उजेड पडला पाहिजे!" रॉस्को वरून गरजला, आणि त्यानं स्क्रू आवळले.

मलाही ते आवडलं. खड्ड्यात वाकून बघण्यात तरुणपण गेलं होतं, आता कुठे मान ताठ झाली होती. शिवाय त्या दरवाज्याशेजारी एक खिडकी होती. बुधवारच्या संध्याकाळी आत प्रार्थना चाले आणि मला ती सगळी दिसे. पास्टर मॉब्ली आधी साधंच बोलत, शेजाऱ्याशी बोलावं तसं. बोलता बोलता शब्दांना हेलकावा यायचा, मग सूर लागायचा, आणि वाळवंटातून चाललेल्या तहानलेल्या माणसांची गोष्ट गाण्यात कधी शिरली ते कळायचंही नाही. त्यांनी एक ओळ टाकली की पेटीवाला तिला सुरात उत्तर देई, बायका "होय पास्टर, सांगा!" म्हणत, आणि टाळ्यांच्या ठेक्यानं खिडकीची तावदानं थरथरत. असं प्रवचन ऐकताना थंडी वाजत नाही. ऐकलं आहे म्हणून सांगतो.

आणि सगळ्यांत शेवटी उठायची मदर पर्लीन. ती चर्चमधली सर्वांत म्हातारी, म्हणून सगळ्यांची आई. काठी टेकून उभी राहायची, एक ओळ बोलल्यासारखी सांगायची, आणि मग सगळे मिळून ती ओळ लांबवत, आळवत, रडवेल्या सुरात गायचे. तिची ओळ आल्याशिवाय बुधवार पुरा होत नसे.

पण नऊ वाजता दरवाजा बंद होई. मदर पर्लीन गाडीत बसेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, असा इथला रिवाज. सगळे गाड्यांचे दिवे तिच्या वाटेवर धरून थांबत. ती बसली की एकेक गाडी निघे. आवार रिकामं होई. मग सकाळपर्यंत मी, बंद दरवाजा आणि बर्फ.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझी काच कुणी पुसली नाही. आत मेलेल्या पतंगांचा थर साचला, एका कोळ्यानं संसार थाटला. रॉस्को येता जाता म्हणे, "आमचा दिवा अजून भक्कम आहे हं!" पण ते तो माझ्याकडे न बघताच म्हणे.

आता माझी चूक सांगतो. कुंपणापलीकडे एमेट हूकस्ट्रा नावाचा बेकरीवाला राहतो. पहाटेच्या पावासाठी त्याला रात्री एक वाजता उठावं लागतं, म्हणून तो संध्याकाळी सहालाच झोपतो. वर उचललेल्या मानेमुळे माझा अर्धा उजेड दरवाज्यावर पडे आणि उरलेला थेट त्याच्या उशीवर. त्यानं आधी खिडकीला पडदा लावला. मग त्यावर गोधडी टांगली. शेवटी त्यानं गावच्या कचेरीला पत्र लिहिलं.

कचेरीतून डानुटा विल्क नावाची तरुण तपासनीस आली. तिनं डीकनला नियम वाचून दाखवले. माणसं चालतात तिथे जमिनीवर पुरेसा उजेड हवा. शेजाऱ्याच्या हद्दीत तो जाता कामा नये, आकाशात तर मुळीच नाही. आणि आवार रिकामं झालं की दिवा विझला पाहिजे. हे जमलं नाही, तर मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे करून संध्याकाळी उजेड राहू लागेपर्यंत, अंधार पडल्यावर आवार बंद. म्हणजे बुधवारची प्रार्थनाही बंद. येत्या बुधवारी ती उजेड मोजायला येणार होती.

त्या बुधवारी साडेपाचला काय झालं ते ऐका. दिवा म्हातारा आहे, कमी पडेल, म्हणून चर्चमधल्या सिस्टर लुव्हेनियानं घरोघरी फोन केले होते. डानुटा यंत्र घेऊन उतरली तेव्हा सतरा गाड्या गोल करून उभ्या होत्या, सगळ्यांचे दिवे प्रखर पेटलेले.

"घे मोजून, पोरी!" रॉस्को छाती काढून म्हणाला.

डानुटानं यंत्र जमिनीवर ठेवलं आणि आकड्याकडे बघतच राहिली. "डीकन, यंत्र म्हणतंय की इथे फुटबॉलचा सामना चाललाय. मला तुमचा दिवा मोजायचाय, तुमच्या गाड्या नाहीत."

"त्या मदतीला आल्यात!" लुव्हेनिया गाडीच्या खिडकीतून ओरडली. "एकटा आहे गं बिचारा!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. माझी काच स्वच्छ असती तर त्या क्षणी मी जरा जास्तच चमकलो असतो.

तेवढ्यात एमेट अंगावर झोपायचा झगा घालून आपल्या दारात आला. "एका दिव्याची तक्रार केली मी, आणि तुम्ही आणखी सतरा आणलेत? देव तुमचं भलं करो!"

गाड्यांचे दिवे विझले. डानुटा ठिकठिकाणी उकिडवी बसून मोजू लागली. दरवाज्याशेजारच्या उतारापाशी ती थांबली. माझा उजेड त्या उताराच्या डोक्यावरून पलीकडे जात होता.

"इथे जवळजवळ काहीच नाही. इथून कोण चालतं?"

काठी वाजली. "मी चालते, बाळ," मदर पर्लीन म्हणाली. "हे सगळे गाड्यांचे दिवे धरतात ना."

"आणि ज्या दिवशी गाड्या नसतील त्या दिवशी?" डानुटा हळूच म्हणाली. तिनं यंत्र बंद केलं. "दहा दिवस देते. मग मला कुलूप लावायला सांगावं लागेल."

"मार्चपर्यंत?" मदर पर्लीननं विचारलं. "त्र्याऐंशी वर्षांची आहे मी. मार्च कुणी पाहिलाय?"

रॉस्कोचा चेहरा उतरला. "मोठा दिवा बसवतो मी. दुप्पट उजेडाचा."

"दिवा कमजोर नाहीये, डीकन. त्याची मान चुकलीय. सरळ खाली करा."

"पस्तीस वर्षं विजेचं काम केलंय मी!"

"मग हे तुम्हाला माझ्या आधी कळायला हवं होतं."

रॉस्को त्या उतारापाशी जाऊन उभा राहिला. मदर पर्लीन जिथे पाऊल टाकते तिथे त्यानं आपला बूट ठेवून पाहिला. त्याला स्वतःचा बूट दिसला नाही.

शनिवारी तो शिडी घेऊन आला. शिडी धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एमेट आला.

"घट्ट धर रे."

"धरलीय. तुम्ही पडलात तर मला साक्षीला जावं लागेल, मग मी झोपणार कधी?"

रॉस्कोनं काच काढून पतंग झटकले, कोळ्याला हळूच खांबावर सोडलं. माझा जुना पिवळा बल्ब काढून नवा बसवला, एमेटच्या बाजूला पत्र्याची झापड लावली, कुणी हललं की उजेड करणारा छोटा डोळा बसवला. मग त्यानं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि खाली वाकवलं. स्क्रू गंजले होते. फार दुखलं असं म्हणणार नाही. पण मान खाली जाताना आधी चर्चचं नाव गेलं, मग दरवाजा गेला, आणि सगळ्यांत शेवटी ती खिडकी.

पुढच्या बुधवारी डानुटा आली तेव्हा सगळ्या गाड्या दिवे विझवून गप्प उभ्या होत्या. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. तिनं एकेक जागा मोजली, एमेटच्या कुंपणाशी जाऊन आली, आणि उताराशी सर्वांत जास्त वेळ बसली.

"कुंपणापाशी शून्य," ती म्हणाली. "आणि इथे पुरेसा. पुरेसा आणि वर थोडा."

"हालेलुया!" लुव्हेनिया किंचाळली, आणि एमेट दारातून म्हणाला, "हळू बाई, झोपतोय मी!"

प्रार्थना सुरू झाली. आता मला काही दिसत नाही. गाणं येतं ते भिंतीपलीकडून, शब्द पुसून गेलेलं. कुणी हललं नाही की पाच मिनिटांत मी विझतो, नियमच तसा आहे. पूर्वी रात्रभर एकटा असलो तरी निदान जागा असायचो. आता माणसं गेली की माझेही डोळे मिटतात. ह्याची सवय व्हायला वेळ लागला. खरं सांगायचं तर अजून पुरती झालेली नाही.

पण त्या संध्याकाळी मदर पर्लीन बाहेर आली, उताराच्या तोंडाशी थांबली आणि तिनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. इतक्या वर्षांत तिचे बूट मी पहिल्यांदाच पाहत होतो. काळे, टाचेला झिजलेले, नाडी दोनदा बांधलेली. तिनं रॉस्कोचा हात सोडला आणि एकटी उतरली.

खाली आल्यावर ती उताराच्या कडेच्या बाकावर बसली. "गाडी गरम होऊ दे. थोडा वेळ इथेच बसते." ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहिली. रॉस्को शेजारी टोपी काढून उभा होता. दोघंही हलली नाहीत. पाच मिनिटं झाली आणि मी विझलो.

"मेलं ते यंत्र!" रॉस्को ओरडला. "आत्ता उपटून टाकतो!"

"ओरडू नकोस त्याच्यावर," अंधारातून तिचा आवाज आला. "त्याला वाटलं, आपण गेलो." आणि भजनात उचलतात तसा तिनं हात वर उचलला.

मी पेटलो. उजेड तिच्या तळव्यावर पडला.

मित्रांनो, तुमच्याही आवारात असा एखादा दिवा असेल. त्याची काच वर्षातून एकदा तरी पुसा. तो बसवताना, तिथून चालणाऱ्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पावलाशी आधी उभे राहा. आणि कधी तुम्ही असताना तो विझला, तर त्याला शिव्या देऊ नका. फक्त हात वर करा. तुम्ही अजून इथेच आहात, हे त्याला कळू द्या.