लाल ठिपका

त्र्याऐंशी सालचा दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी अण्णासो ॲम्बॅसिडर घेऊन राजारामपुरीत माझ्या दुकानात आले. म्हणाले, "निसार, तुझ्या टेपातली ढोलकी मेली की."

माझं डोकं तापलं. मागच्या काचेखाली दोन्ही स्पीकर मीच बसवले होते. एकटा डावा लावला, ढोलकी घुमली. एकटा उजवा लावला, तरी घुमली. दोन्ही मिळून लावले की घुमारा गायब, नुसती पत्र्याची टकटक. हे कसलं गौडबंगाल?

"कुणी हात लावला?"

"कुणी न्हाय. खंडेनवमीला पुसायला उजवा काढला हुता. पालथा ठेवून पूजा केली, परत बसवला. लाल ठिपक्याला लाल तार, तूच सांगितलं हुतंस."

उजवा खोलला. लाल तार लाल ठिपक्यालाच होती. मी ठिपक्यावर बोट घासलं. बोट लाल झालं.

कंपनीचा फिकट ठिपका पलीकडच्या टोकाला तसाच होता. म्हणजे उजव्याच्या तारा उलट्या लागल्या होत्या; एक स्पीकर हवा बाहेर ढकलत होता, तेव्हा दुसरा आत ओढत होता, आणि घुमारा एकमेकांतच जिरत होता.

तारा बदलल्या. ढोलकीनं मागची काच थरथरली.

"अण्णासो," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नुसती हळद लावा."