हळू परतणारे पेडल

आपल्या प्रत्येकाच्या घरात बिघडलेली एक तरी वस्तू असते आणि आपण तिची सवय करून घेतलेली असते. शॉक देणारे बटन आपण लाकडी काडीने दाबतो, पाहुणा आला की काडी कुठे ठेवली आहे ते त्यालाही सांगतो, आणि वर हसतो. बुधू मडावीच्या जीपचे ब्रेक पेडल याच जातीचे होते. दाबले की मुकाट्याने खाली जायचे, पण वर यायची त्याला घाई नसे. मग बुधू अनवाणी पायाचा अंगठा त्याच्याखाली घालून त्याला अलगद वर उचलायचा. ही कला सगळ्या गावाला ठाऊक होती, आणि गावाला तिचे कौतुकच होते.

एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या त्या गावात दुसरी गाडी नव्हती. बाजार असो की आजारी माणूस, सगळे बुधूच्या भरवशावर. जीप म्हातारी झाली होती. पण चालते आहे तिला हात कशाला लावायचा, असा त्याचा खाक्या. एकदा ब्रेकचे तेल कमी झाले. ते विकत मिळायचे तालुक्याला. घरात होते टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल. हे तेल इकडे दुखऱ्या गुडघ्यापासून बैलगाडीच्या आसापर्यंत सगळ्याला चालते, मग ब्रेकनेच काय घोडे मारले होते? बुधूने ते ओतले. पेडल सुस्तावले ते तेव्हापासून. थंडीत सकाळी तर फारच. गाडी तापली की जरा सुधारायचे, म्हणून बुधू निश्चिंत होता.

पौषातल्या एका सकाळी त्याच्या लेकीला, ललिताला, कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप. जावई दिनेश मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. गुणाबाई सुईणीने पोट चाचपले आणि तिचा चेहरा उतरला. बाळ पायाळू आहे, हे माझ्या हातचे काम नाही, दवाखान्यात न्या, असे तिने सांगितले. बुधूने दोघींना गाडीत बसवले आणि जीप काढली.

अर्ध्या वाटेवर गाडी जड झाली. बुधूने ती आणखी जोरात रेटली. जळका वास येऊ लागला. त्याने सवयीने अंगठ्याने पेडल उचलले, पुन्हा उचलले, पण चाके काही सुटेनात. नाल्याच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर, जीप थांबली ती थांबलीच. मोबाइलला रेंज नव्हती. मागे ललिता ओरडत होती आणि बाप गाडी ढकलत होता. ट्रॅक्टर मिळाला तोवर बाळ गाडीतच जन्मले होते. मुलगा होता. तो रडलाच नाही.

ललिता दवाखान्यातून परतली ती मुकी होऊन. तिला दूध आले होते आणि ते पिणारे कोणी नव्हते. बुधू अंगणात बसून राही; घरात जायचा त्याला धीर होत नसे. समजूत घालायला आलेला म्हातारा पोचू म्हणाला, वाटेवरच्या देवाला यंदा कोंबडा द्यायचा राहून गेला, त्याचा हा कोप. बुधूला ते पटले. खरे सांगायचे तर, त्याने ते पटवून घेतले. देवच रागावला असेल तर माणसाकडे बोट दाखवायचे कारण उरत नाही.

जीप अजून नाल्यापाशीच उभी होती. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले वामनराव तालुक्याला राहत. बुधू त्यांना घेऊन गेला. वामनरावांनी पेडल हाताने दाबले, सोडले आणि ते कसे रेंगाळत वर येते ते पाहत राहिले. मग बॉनेट उघडून ब्रेक तेलाच्या डबीत बोट घातले. बोटाला पांढरट, थिजलेले तेल लागले. त्यांनी ते हुंगले.

"काय टाकलं होतं यात, भाऊ?"

"टोरीचं तेल. चालते ना ते?"

वामनरावांनी एकेका चाकामागे वाकून पान्याने छोटा नट सैल केला. कोंडलेले तेल बाहेर आले. मग बुधूला धक्का मारायला सांगितले. बुधूने खांदा लावला आणि जीप सहज पुढे सरकली! बुधू वाकून त्या छोट्या नटाकडे पाहू लागला.

वामनरावांनी समजावले. या तेलाने आतले रबर फुगले होते. पेडल दाबले की तेल चाकांकडे जायचे, पण परत यायला वाट उरली नव्हती. ब्रेक धरलेलेच राहत, घासून तापत, आणि तापले की आणखी आवळत.

"पेडल हळू येते म्हंजे ब्रेक सुटून नाई राह्यला," ते म्हणाले. "ते तुले रोज सांगत होतं."

बुधूने चाचरत देवाच्या कोपाचे सांगितले.

"देवाले मधात नको आणू, बुधूभाऊ. तुमच्या देवाचा मान मीबी ठेवतो. पण रबर फुगलं तेलानं, आन् तेल टाकलं तू. हे देवाच्या नावावर लोटशीन, तर उद्या दुसऱ्याची लेक याच गाडीत बसन."

बुधूने विचारले, "हे नट तवाच खोलले असते, तर नातू वाचला असता का?"

"ते मले नाई सांगता येत. गाडी पोचली असती, एवढं सांगतो."

त्या संध्याकाळी बुधूने गाव अंगणात बोलावले आणि सगळे सांगितले. पोचूने मध्येच थांबवून पाहिले, पण बुधू थांबला नाही. "कोप नोहे तो," तो म्हणाला. "गाडी बिघडली हाये, हे माह्या पायाले माहीत होतं."

तेव्हा दारातून ललिता बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बा, मलेबी माहीत होतं. गाडीत बसताना मी तुह्या पायाकडंच पाहून राह्यली होती. तुले वाईट वाटन म्हणून बोलली नाई."

त्या गाडीत बसले नव्हते असे अंगणात कोण होते? गुणाबाई पदर तोंडाला लावून रडू लागली. पोचूने कोंबड्याचा विषय पुन्हा काढला नाही. सगळे रबर नवे घालून नळ्या धुतल्याशिवाय जीप हलणार नाही, आणि पुढे गाडीत काही खटकले तर लहानथोर कोणीही ती थांबवायची, असे त्याच अंगणात ठरले.

वाचकहो, आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणे ही माया नव्हे. दिसलेला बिघाड त्याच वेळी तोंडावर सांगा, आणि कोणी आपला दाखवला तर राग मानू नका. बुधूची जीप आता दुरुस्त झाली आहे. पाय काढताच पेडल वर येते. ललिता मात्र बाजाराला पायीच जाते. जीप शेजारून गेली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि बुधू तिला बस म्हणत नाही.