परभणीचा फॉर्म

माझ्या पप्पांशी वाद घालण्यापेक्षा बीजगणित बरं. तिथं निदान उत्तर तरी येतं!

गोष्ट एवढीशी. खो-खोच्या विभागीय संघात निवड झाली. माझी! परभणीला आठ दिवसांचं शिबिर. पालकांच्या सहीचा फॉर्म उद्या सकाळी खेळाच्या सोनिया मॅडमच्या हातात पडला नाही, तर माझ्या जागी राखीव मुलगी जाणार. पप्पा वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी करून आले, चहा प्यायले, फॉर्म दोनदा वाचला आणि म्हणाले, "नाय."

"का?"

"परभणीत डास लई."

"मग गारखेड्यातले डास काय आपले पाहुणे आहेत?"

मग म्हणे तिथलं पाणी बाधतं. मग म्हणे माझी टाच दुखते. टाच मागच्या वर्षी दुखत होती! आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मला तुमच्यात ओढू नका."

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. "तुम्ही तर आठ वर्षांचे असताना सहा-सहा महिने बोर्डिंगात राहिलात! तुम्हीच सांगता ना, लई मजा यायची?"

खरंच सांगतात. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे आणि पप्पांना तालुक्याच्या बोर्डिंगात ठेवायचे. तिथल्या करपलेल्या पोळ्या, पळवलेली वॉर्डनची चप्पल... आम्ही पोट धरून हसतो.

या वेळी पप्पा हसले नाहीत. "बाप म्हणला होता, संक्रांतीला नेतो. मी रोज पेटी भरून ओट्यावर बसायचो. पाडव्याला आला."

वाईट वाटलं की मी चिडते. "पप्पा, तुम्हाला ठेवलं होतं. मला कुणी ठेवत नाहीये, मी निघालेय! खेळायला! अठराला संध्याकाळी पाचला परत. लिहिलंय ना खाली!"

"नक्की पाच?"

"नक्की!"

त्यांनी मॅडमना फोन करून पाचची खात्री केली. दहा मिनिटांनी परत केली. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. मग सही केली, तीही इतकी सावकाश, जणू प्लॉटचं खरेदीखत!

मी नाचतेय तोवर हे सुई-दोरा घेऊन बसले. माझ्या प्रत्येक मोज्याला, टी-शर्टला, टॉवेललासुद्धा आतून लाल टाका. बोर्डिंगात सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर असायचे म्हणे.

"पप्पा, मुली हसतील!"

"हसू दे. मोजा तर हरवणार नाय."

मग वर न बघताच म्हणाले, "जेवण झालं की ताट धुवायला सगळ्यांच्या आधी पळायचं. नळावर तोंडपण धुऊन होतं. रडलेलं कुणाला दिसत नाय."

हे त्या हसायच्या गोष्टींत कधीच नव्हतं.

"मला नाही येणार रडू," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

"मग उशिरा धू." पप्पांनी दातानं दोरा तोडला. "पण दुसरी कुणी पळताना दिसली, तर तिला आधी नळ दे. विचारायचं काय नाय."

मी चरफडतच दुसरी सुई ओवली. अजून सात मोजे राहिले होते.