ओलं खळं

आश्विन लागला, आणि चार महिने राखाडी राहिलेलं आकाश एका सकाळी निरभ्र झालं. निळं, इतकं खोल निळं की वर पाहताना तोल जावा. भाताच्या लोंब्यांवर पिवळेपण चढलं. माडांच्या झावळ्यांतून ऊन ठिबकत ठिबकत खाली आलं, जांभ्या दगडाच्या जोत्यावर टेकलं, आणि जोत्यावरचं मखमली शेवाळ कडांपासून तपकिरी होऊ लागलं.

हा घरांना जागं करण्याचा ऋतू. पाऊस अडवायला पडवीभोवती बांधलेल्या चुडतांच्या, विणलेल्या झावळ्यांच्या, झड्या सुटतात, कोंडलेला कुबट काळोख अंग झटकून बाहेर पडतो. बिजागऱ्यांना खोबरेल मिळतं. फुगलेली दारं आखडून पुन्हा चौकटीत बसतात. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मन लावून, दारापुढचं खळं, म्हणजे मातीचं अंगण, नवं होतं. गवत खरवडायचं, नवी माती पसरायची, पाण्याने मुरवायची, लाकडी चोपण्याने बडवायची, शेणाने सारवायची.

ज्या घराचं खळं दिवाळीपर्यंत झालं नाही, ते घर बंद झालं असं गाव समजतो. कुणी विचारत नाही. समजतो.

टेकडीच्या उतारावरच्या त्या लांबट घरात दोन दारं होती, आणि दोन दारांत दोन जावा. वरच्या अंगाला धाकटी लतिका, तिचा नवरा दिगंबर. खालच्या अंगाला थोरली भामावैनी, श्रावणात नवरा गेल्यापासून एकटी. अकरा वर्षांपूर्वी भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा एकाच खळ्याच्या मधोमध जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ बसली. तेव्हापासून खळी दोन झाली, चोपण्याचे दिवस दोन झाले. वेगवेगळ्या दिवशी वाळणारी माती वेगवेगळी आखडते. म्हणून दर फाल्गुनात त्या ओळीच्या कडेला एक भेग पडायची. केसाएवढी, मग करंगळीएवढी.

पण बोलणं कधी वाटलं गेलं नव्हतं. लतिका एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा चोपणं तिच्या हातात दिलं ते भामावैनीनेच. श्वास सोडताना मारायचं, घेताना उचलायचं, हे तिनेच शिकवलं. त्यानंतरच्या प्रत्येक आश्विनात ती आपल्या पायरीवर बसून धाकटीच्या चोपण्याला नावं ठेवत आली, आणि ती नावं ऐकल्याशिवाय लतिकेला आपलं खळं पुरं झाल्यासारखं वाटलं नाही.

या वर्षी पायरी गप्प होती.

माझं खळं या वर्षी नको, भामावैनी म्हणाली होती. त्यावर चालणार कोण? रविवारी महेंद्र येईल, तिचा मुलगा, आणि तिला कोल्हापुराला घेऊन जाईल. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. खालच्या खळ्यात गवत गुडघ्याएवढं उभं होतं, तुऱ्यांवर दव घेऊन, जणू तिथे कधी पाऊल पडलंच नव्हतं.

दिगंबरने माती आणली ती वारुळाची, तांबूस, चिकट, दोन खळ्यांना पुरेल एवढी. इतकी कशाला, असं लतिकेने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तो ढीग ओतून समुद्रावर निघून गेला.

संध्याकाळी लतिकेने माती पसरली आणि विहिरीवरून पाणी आणलं. एक कळशी, दुसरी कळशी, तिसरी. माती काळवंडली, फुगली, पुरेसं पाणी प्याली. लतिकेने आणखी पाणी ओतलं. मातीने ते नाकारलं, आणि नाकारलेलं पाणी उताराचा शोध घेत निघालं. चिऱ्यांच्या फटींतून, जिभेसारखं, पंख्यासारखं, तांबड्या गाळाची पातळ साय घेऊन ते पलीकडच्या गवतात शिरलं आणि भामावैनीच्या पायरीपर्यंत पोचलं.

भामावैनी दारात आली. पायरीशी लागलेला चिखल तिने पाहिला. उताराकडे पाहिलं. मग लतिकेकडे.

"पाणी खंय धावता, ता तुका दिसत नाय?"

"चुकला, वैनी. कळशी हातातसून सुटली."

"एक सुटली की बारा सुटल्यो?"

 लतिकेच्या काखेतली तेरावी कळशी चुळबुळली.

सकाळी भामावैनी कुदळ घेऊन खाली उतरली. पाण्याला वाट काढून देते, आणखी काही नाही, असं ती स्वतःशीच पण ऐकू जाईल असं म्हणाली. पण रात्रभर मुरलेल्या जमिनीत गवताची मुळं सैल झालेली असतात. एक झुपका हातात आला, मुळांसकट, अलगद, जशी फणसाच्या उकडलेल्या आठळीची साल सुटते. मग दुसरा. मग हात थांबेनात. सूर्य माडांच्या कमरेएवढा वर आला तोवर खालची जमीन उघडी पडली होती, तांबडी, ओली, निःशब्द. आणि उघड्या ओल्या जमिनीकडे नुसतं पाहत बसणं त्या बाईला आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं.

उरलेल्या मातीचा ढीग तिथेच होता. ती घमेली भरू लागली.

दोन्हीकडे चोपणी वाजू लागली. धप्, धप्. एक जड, एक हलकी. एक पुढे, एक मागे. माती आधी पाण्यासारखी हलली, मग लोण्यासारखी, मग हट्टी लेकरासारखी. मग तिने हट्ट सोडला आणि ती सपाट, गुळगुळीत, शांत झाली.

"चोपतस काय पोर निजवतस गो?"

लतिकेची मान खालीच राहिली. डोळ्यांतलं पाणी ओल्या मातीवर पडलं तर दिसत नाही. तिने श्वास सोडला आणि दणका दिला.

मधल्या चिऱ्यांपाशी येताच भामावैनीचं चोपणं दगडावर आपटलं. तिने चरफडून तो चिरा उपटला आणि जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवला. दुसऱ्या चिऱ्याला लतिकेने हात घातला. शेवटचा दोघींनी मिळून उचलला. तो जड होता, असं दोघीही नंतर सांगणार होत्या.

"आयतवारी म्हेंद्र येतलो," भामावैनी म्हणाली.

"येव दे. आमच्याकडेच जेवात."

एवढंच. पुढे धप्, धप्.

शनिवारी सारवण झालं. शेणाचा हिरवा काला, दोन घमेली, चार हात. थोरलीच्या हाताचे अर्धगोल मोठे, रुंद, निवांत. धाकटीचे लहान, दाट, घाईचे. मधोमध ते एकमेकांवर चढले, जसं पाखराच्या पंखात पिसावर पीस चढतं. सारवत सारवत दोघी मागे सरकत गेल्या, आपापल्या पायरीपर्यंत, आणि पायरीवर चढून बसल्या. आता खाली उतरायला जागा नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. उद्या किती वाजता निघायचं, महेंद्र विचारत होता. भामावैनीने खळ्याकडे पाहिलं.

"खळा ओला आसा रे, बाबू," ती म्हणाली. "सुकला काय बघू."

किती दिवस लागतील, त्याने विचारलं असावं.

"ता खळ्याक विचार."

लतिकेने पदराने हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

ऊन तिरपं झालं. तिरप्या उन्हात प्रत्येक अर्धगोलाची कड उजळली, आणि सबंध खळं लाटांनी भरून आलं, हिरव्या, स्थिर, निःस्वन लाटांनी. दोन काठांवर दोघी बसल्या होत्या, मधल्या विस्तारावरून गप्पा फेकत: चुलीत ओलं लाकूड कुणी घातलं, मीठ कुणाचं संपलं, कुणाच्या शेणात पाणी जास्त झालं. कडांचा रंग फिका होत होता, बोटाबोटाने, वितीवितीने. खळं वाळत होतं. हळूहळू वाळत होतं. आणि वाळण्याची घाई कुणालाच नव्हती.