वजाची खूण

निवृत्त झाला तरी रेडिओ मेकॅनिकचं नाक वरच होतं. त्याची मुलगी कॉम्प्युटर बांधायची, पण बाप त्याला बांधणं म्हणायला तयार नव्हता. डब्यातून काढायचं, खाचेत बसवायचं, चार स्क्रू पिळायचे; एवढ्यावर कारागीर व्हायचं तर भिंतीला कॅलेंडर लावणाराही गवंडीच, असं तो म्हणे. मुलगी हसून सोडून द्यायची.

पण तरुणपणी त्याने स्वतः जोडलेला अँप्लिफायर मुका झाला, तेव्हा वयामुळे त्याचा हात थरथरू लागला होता. सोल्डरचा थेंब भलतीकडेच पडे. आता हा दुरुस्त झाला नाही तर आपलं कारागीरपण संपलं, हे त्याला कबूल करावं लागणार होतं. शेवटी झक मारत त्याने मुलीला हाक मारली. हात तुझा, अक्कल माझी, असं ठरलं.

फुगलेला कंडेन्सर काढून तिने नवा लावला. पहिल्याच खेपेला टाके असे चकचकीत बसले, की बापाला कौतुकही वाटलं आणि थोडं पोटातही दुखलं. भिंग लावून त्याने बराच वेळ पाहिलं.

"ठीक आहे. चालू कर."

तिने बटण दाबलं. जरा वेळाने फट्‌कन आवाज झाला, धूर निघाला. बापाने प्लग उपटला.

कंडेन्सर उलटा लागला होता; त्याच्या अंगावरची वजाची खूण ठरलेल्या बाजूलाच यावी लागते, नाहीतर तो फुटतो. तिच्या कॉम्प्युटरमध्ये उलटी वस्तू खाचेत शिरतच नाही. शिरली म्हणजे बरोबर, ही तिची सवय. इथे मात्र दोन्ही तारा कुठल्याही भोकात गुमान जातात.

मुलीचे डोळे भरले. तुमची आयुष्यभराची वस्तू मी जाळली, पुन्हा हात लावणार नाही, म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बापाला गप्प बसता आलं असतं. दोष आपसूकच तिच्या पदरात पडला होता. पण तिचा चेहरा पाहून त्याला स्वतःची लाज वाटली.

"मला वजाची खूण दिसलीच नाही," तो म्हणाला. "भिंगातूनही नाही. उगाच ठीक आहे म्हणालो."

तिने डोळे पुसले. मग खणातून दुसरा कंडेन्सर काढला.

"बाबा, खूण मी वाचते. बाजू तुम्ही सांगा."

डोळे मिटून, जुनी जोडणी आठवत त्याने बाजू सांगितली, तिने टाके मारले. बटण तुम्हीच दाबा, म्हणत तिने त्याची खुर्ची पुढे ओढली. त्याने बोट टेकवलं आणि थांबला.

"खूण परत एकदा वाच," तो म्हणाला.